सुंदरानं मिशीला पीळ दिला

मी माईक बोलतोय. फुंकर मारू नका, टकटक करू नका. मी चालू आहे.

जन्म आठवत नाही. उधन्याच्या एका भंगारवाल्याकडून लूमवर कापड विणणारा कारीगर धुडकू, त्यानं मला उचललं. वायर बदलली, जाळी शर्टानं पुसली. तेव्हापासून मी नाटकात.

नाटक मंडळी कसली! निम्मे दिवसपाळीला, निम्मे रातपाळीला. तालमीत बापाचे संवाद सकाळी, मुलाची उत्तरं संध्याकाळी. बाईच्या कामाला बाई मिळेना. मग धुडकूची बायको सुंदराच उभी राहिली. ती त्याच्याच कारखान्यात बॉबिनवर धागा भरायची. चाळीतल्या बायांनी नावं ठेवली. तिनं ऐकून घेतलं, सोडलं नाही.

त्र्याण्णवच्या गणपतीत पहिला खेळ ठरला, लूमच्या सुट्टीच्या दिवशी. मंडळाचे किसनभाऊ म्हणाले, "धुडकू, रंगलं तर दरवर्षी तुम्हीच. पडलं तर पुन्हा स्टेजचं नाव काढायचं नाही."

धुडकू दारुडा नवरा झाला होता. झोकांड्या खात आला. सुंदरानं त्याला झाडायला तोंड उघडलं, आणि शेजारच्या कारखान्यात लूम सुरू झाले. शेठची घाईची ऑर्डर! खटाखट, खटाखट. मी जीव तोडून ओरडलो. माझं मलाच ऐकू येईना.

"काय बोली राह्यनी ती? काहीच ऐकू येत नही!"

"उतरा रे खाले!" मागून लोक ओरडले.

किसनभाऊ खुर्चीतून उठले. धुडकूचा चेहरा उतरला. मला वाटलं, माझ्यामुळे या माणसांचं नाटक संपलं.

सुंदरानं मला बाजूला सारलं. धुडकूकडे बघितलं आणि नसलेल्या मिशीला पीळ दिला. कारखान्यात आवाजापुढे बोलता येत नाही, हातानंच बोलतात. या खुणेचा अर्थ एकच: शेठ आला!

दारुडा धुडकू ताडकन सरळ झाला आणि नसलेल्या लूमचे धागे जोडू लागला. पुढच्या रांगेतल्या चौघा कारीगरांनी सवयीनं विड्या विझवल्या. मग जे हसू फुटलं, ते मात्र लूमलाही दाबता आलं नाही. उरलेला खेळ दोघांनी हातांनीच केला. एकही माणूस उठला नाही.

"दरवर्षी तुम्हीच!" किसनभाऊ धुडकूच्या कानात ओरडले.

उतरताना सुंदरानं विचारलं, "कशी व्हती मन्ही मिशी?"

"शेठपेक्षा भारी!"

पुढे प्रत्येक खेळात तो प्रवेश आला की मला बाजूला ठेवत. आता मी कोसाडला त्यांच्या घरी माळ्यावर पडून आहे. आवाज गेला, चालू आहे ती आठवण. वाईट वाटत नाही. यांचं सगळं माझ्यावरच आहे, हे ओझं त्या दिवशीच उतरलं.

मंडळी, मला दुरुस्त करू नका. सुंदरा स्टेजवर आली की तिच्या हातांकडे बघा.