जाळीतून गाळलेला रस

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावात खजुरीचा कच्चा रस पिऊन दोघं जण मेंदूला सूज येऊन मेले. त्यांची मयत धुणारा तिसरा. त्यावर आमच्या गावाने खूप विचार केला आणि वटवाघळांचा रोग रसात उतरू नये म्हणून मडक्यांच्या तोंडाला मच्छरदाणीचे तुकडे बांधले. कल्पना मोतालेबचाचांची, ते युनियन परिषदेचे, म्हणजे आमच्याकडच्या पंचायतीचे, मेंबर. आता तोच रस 'निर्धोक' म्हणून चढ्या भावाने जातो.

वटवाघूळ मडक्यात तोंड घालत नाही. ते वर, तासलेल्या खोडावर पाझरणारा रस चाटतं, तिथेच मुततं, आणि ते सगळं जाळीतून खाली उतरतं. अडतात ती चिलटं. मी प्राणिशास्त्र शिकले, पण हे कळायला झाडाखाली उभं राहून वर पाहिलं तरी पुरतं.

पौषात माझी मोठी बहीण रुमानाआपा नवऱ्याबरोबर, आमच्या दुलाभाईंबरोबर, माहेरी आली. तिला पाचवा महिना. नव्या जावयाला पहाटेचा कच्चा रस दिला नाही तर आमच्याकडे पाहुणचार झाला असं कुणी मानत नाही. चाचा स्वतः जाळी बांधलेलं मडकं घेऊन आले.

"द्या, उकळून आणते," मी म्हटलं.

"जावयाला उकळलेला रस? मग पुढ्यात पेंडही ठेव."

दुलाभाई हसले. त्यांचं औषधांचं दुकान आहे. 'कच्चा रस पिऊ नका' हा सरकारी कागद तिथे गल्ल्यामागेच चिकटवलेला आहे.

"दुलाभाई, दुकानात काय लावलंय तुम्ही?"

"ते गिऱ्हाइकांसाठी, मेहुणीबाई."

त्यांनी माझ्याकडे बघत पेला रिकामा केला, मिशी पुसली आणि दुसरा भरून आपापुढे धरला. "घे, बाळाला गोडी लागेल."

नवऱ्याला नाही म्हणणं आपाला कधी जमलं नव्हतं. तिने पेला ओठांशी नेला. मी तो हिसकावून अंगणात ओतला, मागून मडकंही.

"शिकवा अजून पोरींना," चाचा अब्बांना म्हणाले. अब्बा चटईची काडी उपसत बसले.

दुलाभाई उठले. "चल रुमाना. इथे पाणीही प्यायचं नाही."

आपा उठली नाही. तिने पोटावर हात ठेवला. "तुम्ही व्हा पुढे. मी पंधरवड्याने येईन. तोवर तुम्हाला ताप आला नाही तर."

"ताप कशाला येईल?" औषधांच्या दुकानदाराने विचारलं.

त्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचा जाळी झटकत होते.