गंगावन

कुंदा पेडणेकरला निरोप मिळाला तेव्हा ती जोगेश्वरीतल्या आपल्या पार्लरमध्ये एका नवरीच्या अंबाड्यात आकडे खोचत होती. निरोप घेऊन आला होता वस्तीतला सगळ्यांचा भाऊ. भाऊची स्टेशनाजवळ व्हिडिओ लायब्ररी होती, पुढच्या वेळी नगरसेवक व्हायची हौस होती, आणि त्या हौसेपायी त्याने अंधेरीतला एक हॉल घेऊन 'सुवर्णकाळाच्या तारका' नावाचा कार्यक्रम काढला होता. हिंदी सिनेमातल्या चार जुन्या नायिका, चार शाली, चार नारळ. खर्च एक केशतेलवाला करणार होता.

"अनुपमाजींनी खास तुमचं नाव घेतलं," भाऊ म्हणाला. "केस बांधायला कुंदाच पाहिजे, नाहीतर येणार नाही म्हणाल्या."

"अजून 'जी' लावतात तिला? बरंय."

नवरीने आरशातून डोळे मोठे केले. "अनुपमा म्हणजे ती लांब वेणीवाली ना? माझी आई अजून तिच्या केसांचं सांगत बसते."

"सांगणारच," कुंदा म्हणाली आणि पुढचा आकडा जरा जोरातच खोचला.

लांब वेणीवाली. सगळ्या देशाने तिला याच नावाने ओळखलं. पोस्टरवर आधी वेणी आणि मग बाई. आणि ती वेणी कुंदाची होती. कुंदाने घातलेली असं नव्हे. केसच कुंदाचे.

सत्तावन्न साली कुंदा एकोणीस वर्षांची होती. बाप गिरणीत, आणि ही स्टुडिओत केशभूषा करणाऱ्या बाईच्या हाताखाली. अनुपमाचं खरं नाव कमळ, घर गिरगावात. पण स्टुडिओत मराठीचा शब्द तोंडून निघाला तर जीभ विटाळेल असं ती वागायची. अर्धा सिनेमा झाला आणि तिला टायफॉइड झाला. उठली तेव्हा केस मुठीमुठीने गळत होते. सिनेमातली नायिका मात्र लांबसडक केसांची. निर्माता डोकं धरून बसला. तेवढ्यात कमळच्या आईची नजर कुंदाच्या पाठीवर गेली.

"केसांचं काय एवढं गं?" म्हातारी म्हणाली होती. "गवतासारखे असतात. परत येतील."

दुपारी कात्री चालली. आठवड्याने कुंदाच्या केसांचं गंगावन होऊन आलं, आणि ते नायिकेच्या डोक्याला बेमालूम जोडायचं काम कुंदाकडेच आलं. मोबदला म्हणून जरीची साडी मिळाली, तीही शूटिंगमध्ये एकदा नेसून झालेली. गवत काही परत आलं नाही. खांद्यापर्यंत येऊन थांबलं, तेही विरळ. कणकवलीहून बघायला आलेल्या मंडळींनी मुलगी आजारी असावी असं ठरवून चहा अर्धा टाकला. पुढे तिला करून घेतलं काशीरामने. तो विक्रोळीच्या कारखान्यात होता, आणि बघण्याच्या वेळी लाजून जमिनीकडेच बघत बसल्यामुळे केसांचा प्रश्नच आला नाही.

बारा वर्षं कुंदा स्वतःचे केस दुसरीच्या डोक्यात माळत राहिली. मासिकांत अनुपमाच्या मुलाखती यायच्या : आईच्या हातचं जास्वंदीचं तेल, पहाटेची शिकेकाई. मग एकोणसत्तर साली विलायतेत शिकलेली नवी हेअरड्रेसर आली. कुंदाला ते कळलं गेटवरच्या गुरख्याकडून.

"मग तू कित्याक जातंस?" भाऊचा निरोप ऐकून काशीरामने विचारलं.

"बघायला. तिच्या डोक्यावर आता काय उरलंय ते."

रविवारी हॉलच्या मेकअपरूममध्ये जे उरलं होतं ते सगळं एकत्र बसलं होतं. आरशाभोवतीच्या आठ दिव्यांपैकी पाच लागत होते, आणि त्या पाचांखालची खुर्ची मिळवण्यासाठी सुवर्णकाळ एकमेकींना कोपराने ढकलत होता. टपोऱ्या डोळ्यांबद्दल प्रसिद्ध असलेली काळा गॉगल उतरवायला तयार नव्हती. जिने पडद्यावर जन्मभर मुळूमुळू रडून लोकांना रडवलं, ती चहात साखर पडली म्हणून भाऊच्या अंगावर ओरडत होती. नर्तकीचा गुडघा क्रेप बँडेजमध्ये होता. आणि भांडण एकच : स्टेजवर शेवटी कोण जाणार? शेवटी जाते ती सगळ्यांत मोठी. पण मोठी म्हणजे वयाने, अशी शंका एकीने काढली आणि लगेच चौघीही पहिल्यांदा जायला तयार झाल्या. भाऊ घाम पुसत चिठ्ठ्या टाकायला लागला.

कुंदाला बघून अनुपमाने ओठ जरासे ताणले. "आलीस? जाडी झालीस गं." मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे सरकवला.

कुंदाने डब्यातलं मलमलीचं फडकं सोडलं. गंगावन जसंच्या तसं होतं. एकही पांढरा केस नाही. त्या खोलीत तेवढीच एक वस्तू एकोणीस वर्षांची राहिली होती.

अनुपमाचे स्वतःचे केस आता दोन बोटं उरले होते, मेंदीने लाल झालेले. कुंदा काळा दोरा लावून गंगावनाचं मूळ बसवू लागली. हात सतरा वर्षांनीही विसरले नव्हते. त्यांचाही तिला राग आला.

"काय केस गं!" नर्तकी गुडघा चोळत म्हणाली. "कुठून आणलंस? आणि ही कोण?"

"आणायचंय कशाला? माझेच आहेत," अनुपमा म्हणाली. "टायफॉइडआधी कापून ठेवले होते. आणि ही कुंदा. पूर्वी घरी वरकामाला होती बिचारी. कोणी विचारत नाही आता, म्हणून बोलावली. जुनी माणसं टाकवत नाहीत मला."

कुंदाने आरशात बघितलं. खोटं बोलताना माणूस पापणी तरी हलवतो. हिची हलली नाही. पूर्वी हिला नुसते केस पुरत होते, आता ते कापल्याची आठवणसुद्धा हिचीच झाली होती.

"ताई, कुणाचे केस?" कुंदाने विचारलं.

"ऐकलंस ना? माझे."

"मग तुमचे तुम्हीच लावा."

तिने एकेक आकडा काढला. दोरा सोडला. गंगावन गुंडाळून आपल्या पिशवीत टाकलं आणि डबा झाकण लावून आरशासमोर ठेवला. खोलीतल्या बाकी तिघी भांडण सोडून बघत राहिल्या. इतकं चांगलं दृश्य त्यांना वर्षानुवर्षांत मिळालं नव्हतं.

"कुंदा! पाच मिनिटांत स्टेजवर जायचंय मला!"

"जा की. नटी आहात ना?"

ती घरी गेली नाही. हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. फजिती बघितल्याशिवाय तिला पाणी गोड लागणार नव्हतं. चिठ्ठीत अनुपमाचं नाव शेवटी निघालं होतं. रडकी आली आणि रडली. टपोरे डोळे गॉगलसकट आले. नर्तकीने हात तेवढे हलवले. मग भाऊने माइकवर बेंबीच्या देठापासून अनुपमाचं नाव पुकारलं.

अनुपमा आली ती डोक्यावरून पदर घेऊन, कपाळापर्यंत ओढलेला. हात जोडलेले, पावलं सावकाश. हॉल उठून उभा राहिला. वेणी कुठाय, असं पुढच्या रांगेतून कोणीतरी विचारलंच. कुंदाने मान उंचावली.

"वेणी?" अनुपमा माइकजवळ आली. मराठीत बोलत होती, चक्क. "तुम्ही तिच्यावर इतकं प्रेम केलंत की मला भीती वाटायला लागली. गर्व होईल म्हणून. गेल्या वर्षी तिरुपतीला गेले आणि वाहून आले. माझ्या रसिकांना सुखी ठेव म्हटलं."

असा टाळ्यांचा कडकडाट झाला की पंखे हलले. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. केशतेलवाला पुढच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि मग त्याने बिनकेसांच्या बाईला आपल्या तेलाच्या बारा बाटल्यांची टोपली दिली. भाऊने वाकून तिच्या पाया पडून घेतलं.

"काय ते साधेपण!" कुंदाच्या शेजारची बाई हुंदका देत म्हणाली. "देवाला वाहिले हो!"

"देवाला कुठले? हे इथे आहेत." कुंदाने पिशवीचं तोंड उघडलं.

बाईने आत डोकावलं आणि झटकन मागे सरकली. "शी! असलं काय घेऊन हिंडता हो चारचौघांत? पुण्यवान बाई समोर उभी आहे, जरा लाज वाटू दे!"

कुंदाला हसू फुटलं, आणि ते थांबेना. आजूबाजूची माणसं शुक्-शुक् करू लागली तेव्हा ती बाहेर पडली. तिला वाटलं होतं आकडे काढले की बाई उघडी पडेल. या लोकांपुढे नुसतं पिंप आणून ठेवलं असतं तरी त्यांनी त्याला हार घातला असता.

घरी काशीरामने गंगावन हातात घेऊन दिव्याखाली धरलं.

"ह्ये तुझे? माका कोणी सांगला नाय, तुका इतके केस होते."

"तू वर बघितलंस कधी?"

तिने ते डोक्याला लावून बघितलं. वर पांढरं, खाली काळंभोर, मध्ये जोड. म्हाताऱ्या घोडीला नवं शेपूट. तिने ते काढून ठेवलं आणि भाताला आधण टाकलं.

बुधवारी भाऊ परत पार्लरात आला. अनुपमाजींना एका धार्मिक सिनेमात साध्वीचं काम मिळालं होतं, त्या सत्कारामुळेच. भाऊची कॉलर त्यामुळे आणखी ताठ झाली होती.

"त्यांची एक वस्तू तुमच्याकडे राहिलीय म्हणे," तो म्हणाला. "डबा रिकामाच गेला घरी."

"कसली वस्तू?"

"ते... केस म्हणाल्या."

"केस? ते तर तिरुपतीला वाहिले ना? हजार माणसांनी ऐकलं. तूच तर माइक धरला होतास."

भाऊ गोंधळला. दारातच उभा राहून त्याने हिशोब जुळवायचा प्रयत्न केला, पण तो जुळेना. "मग त्यांना काय सांगू?"

"सांग, देवाकडे मागून बघ. इतकी पुण्यवान आहे, नाही म्हणायचा नाही तो."

भाऊने मान डोलावली. त्याला ते पटलंसुद्धा. कुंदाने त्याला जाऊ दिलं, मोठी कात्री काढली आणि गंगावन टेबलावर पसरून त्याचे चार भाग करायला घेतले. लग्नसराई तोंडावर होती आणि विरळ केसांच्या नवऱ्या यंदाही कमी नव्हत्या.