भोक पडलेलं पारडं

मी एक जुना तराजू आहे. तराजू म्हणवून घेताना थोडा संकोच वाटतो, कारण आता माझं एकच खोलगट लोखंडी पारडं आणि त्याच्या तीन साखळ्या शिल्लक आहेत. पण मित्रांनो, अर्ध्या तराजूलाही बोलायचा हक्क आहे, असं मी धरून चालतो.

धुळ्याच्या एका लोहाराने मला घडवलं. पुढे चाळीस वर्षं मी जळगावात भिकमचंदजींच्या धान्याच्या दुकानात लटकलो. ज्वारी, तूर, हरभरा तोलला. दर दिवाळीला मला कुंकू लागायचं. गिऱ्हाइकं म्हणायची, "भिकमचंदभाऊंच्या पारड्यातून दाणा सांडत नाही." मग इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि मी पोत्यांमागे गंजत पडलो.

यंदा आषाढात त्यांच्या पत्नी मोहनबाईंनी मला बाहेर काढलं, घराच्या गॅलरीत टांगलं, माती भरली आणि टमाट्याची रोपं लावली. मुलगा अखिल हसला. "आई, बाजारातले टमाटे संपले का? गॅलरीचं भंगाराचं दुकान केलंस!"

पंधरा दिवसांत रोपं पिवळी पडून कुजली. अखिल म्हणाला, "अजून एकदा लाव. तीही मेली, तर हे थेट भंगारवाल्याकडे."

घरी कामाला येणाऱ्या रुख्माबाई सातपुड्याच्या पायथ्याच्या. त्यांनी माझ्या मातीत बोट खुपसलं, ते चिखलाने माखून निघालं. "अक्का, हाई तं बठ्ठा चिखल शे! पानी जाई कोठे? भोक पाडा ना येले."

भिकमचंदजी पेपर टाकून उठले. "पारड्याला भोक? व्यापाऱ्याच्या घरात? मी याची पूजा केली आहे!"

"मग करा पूजा," मोहनबाई म्हणाल्या. "आणि भंगारवाला आला की त्यालाही ओवाळा."

मित्रांनो, भोकाची भीती मलाही होती. न गळणं हीच माझी अब्रू होती. पण त्या अब्रूपायी कोवळी रोपं माझ्या पोटात बुडून मेली होती. मला वाचा असती, तर त्या दिवशी मीच ओरडलो असतो, "पाडा भोक!"

भिकमचंदजी आत गेले. मग खिळा आणि हातोडी घेऊन आले. "दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही," एवढंच म्हणाले. त्यांनी माती काढून मला पालथं घातलं, धोतराच्या सोग्याने पुसलं, हात जोडले आणि सात भोकं पाडली. प्रत्येक घावाला मी खणखणलो, सगळ्या गल्लीला ऐकू जावं म्हणून.

रुख्माबाईंनी गावाहून बारक्या गावठी टमाट्याची रोपं आणली. मोहनबाई दोन वेळा पाणी घालायच्या आणि मी ते खुशाल गाळायचो. खालचे बन्सीलाल टोपी भिजली म्हणून ओरडतात. ओरडू द्या. आता पौषात माझ्या काठावरून लालभडक टमाट्यांचे घोस लोंबताहेत. दुकानात जाताना अखिल रोज दोन तोडून तोंडात टाकतो आणि भंगारवाल्याचं नाव काढत नाही.

म्हणून सांगतो, जुन्या वस्तूला नुसता मान देऊन कोपऱ्यात कोंडू नका. तिला काम द्या. त्यासाठी ठोकावी लागली, तरी ठोका. आणि मला 'बिचारा' म्हणायचं नाही. मी गळतो, गंजतो, वाऱ्यावर वेडावाकडा हलतो, पण कामावर आहे. खानदेशातला भाजून काढणारा मे महिना येऊ द्या, त्यालाही बघून घेईन.