गेस्केमावशींच्या खिडकीचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. एके काळी हिरवा होतो. आता उन्हाने इतका विटलोय की माझ्या रंगावरून दोघांत भांडण लागेल. ग्रोनिंगन शहराकडच्या एका खेड्यात, अगदी रस्त्यालगतच्या घरात मी होतो. गेस्केमावशींनी बाजारातून कापड आणून मला स्वतःच्या हातांनी शिवलं. खालची दुमड जराशी वाकडी गेली, तर त्याबद्दल त्या जन्मभर स्वतःलाच बोल लावत राहिल्या.

मित्रांनो, आमच्या गावाची एक रीत होती. अंधार पडला की पडदा ओढायचा आणि सकाळी उठल्याबरोबर बाजूला सारायचा. दिवसा पडदा ओढलेला दिसला की येणाराजाणारा समजे, या घरात काहीतरी बिघडलंय.

मावशींचे यजमान गेले, पाठोपाठ त्यांचे गुडघेही गेले. मग घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्थेची नर्स, मार्लूस, पायांवरच्या न भरणाऱ्या जखमांची मलमपट्टी करायला येऊ लागली. पण तिच्या वाट्याला पंचक्रोशीतले सगळे म्हातारे. रोज येणं तिला कुठून जमणार? म्हणून तिने गावालाच हाताशी धरलं. औषधाचा दुकानदार गोळ्या वारांप्रमाणे पुड्यांत बांधून देऊ लागला. आणि पावाची गाडी घेऊन फिरणाऱ्या हार्मला तिने माझ्यावर नजर ठेवायला सांगितलं.

"पडदा सारलेला असला की पाव दाराला अडकव आणि पुढे जा," मार्लूस म्हणाली. "ओढलेला दिसला तर मला फोन कर."

"म्हणजे पाव विकता विकता मी नर्सही व्हायचं," हार्म हसला. "पांढरी टोपी देणार का?"

"आधी पाव वेळेवर आण, मग टोपीचं बघू," आतून मावशी म्हणाल्या.

एका हिवाळ्यात मावशी तापाने फणफणल्या. मी ओढलेलाच राहिलो, हार्मने फोन केला, मार्लूस धावत आली आणि मावशी वाचल्या. तेव्हा मार्लूसने संस्थेत माझं नाव काढलं म्हणे. फडक्याचं एवढं कौतुक कोण करतं? मी आनंदाने फुगलो होतो.

पण गुडघे आणखी बिघडले. मावशींना उठायला उशीर होऊ लागला. मी ओढलेला दिसला की हार्मचा फोन, मार्लूसची धावपळ. आणि दर वेळी बातमी दूर उट्रेक्ट शहरात राहणाऱ्या लेकीपर्यंत, हिल्केपर्यंत जाई.

"आई, असंच चालू राहिलं तर वृद्धाश्रमाचं बघावं लागेल," हिल्के म्हणाली.

मावशींना ते घर सोडायचं नव्हतं. त्यांना दुसरं काहीच नको होतं. त्यांनी एक युक्ती काढली: संध्याकाळी मला ओढणंच सोडून दिलं. मग सकाळी कितीही उशीर होवो, मी आपला सारलेला. हार्म येई, माझ्याकडे बघे, पाव अडकवून शीळ घालत पुढे जाई.

"गेस्केबाई, हल्ली कोंबड्याच्याही आधी उठता म्हणे तुम्ही," मार्लूस एकदा म्हणाली.

"म्हातारपणी झोप कुठली गं," म्हणत मावशी कॉफी ओतायला वळल्या.

खिडकी उघडी, तेव्हा झोपायच्या कपड्यांत आपण रस्त्यावरच्यांना दिसू नये म्हणून त्या दिवाही लावत नसत. अंधारात चाचपडत खोलीकडे जात. अशाच एका संध्याकाळी गालिच्याच्या काठाला पाय अडकला आणि त्या खिडकीखालीच कोसळल्या. खुबा मोडला. हाका मारून मारून आवाज बसला. सकाळी हार्म आला, त्याने नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मला हात असते तर त्या क्षणी मी स्वतःला ओढून घेतलं असतं. तो पाव अडकवून निघून गेला.

दुपारी मार्लूस मलमपट्टीला आली. पाव दारालाच लटकत होता. तेव्हा कुठे मावशी सापडल्या.

मावशींना इस्पितळातून थेट वृद्धाश्रमात नेलं. हिल्के घर रिकामं करायला आली, त्या दिवशी हार्म आणि मार्लूस दारात उभे होते.

"मी रोज बघत होतो गं, मार्लूस," तो म्हणाला. "एक दिवस चुकवला नाही."

"मीच तुला पडद्याकडे बघायला सांगितलं," ती म्हणाली. "मावशींकडे बघ, असं सांगायला हवं होतं."

आता हार्म प्रत्येक म्हाताऱ्याच्या दारावर थाप मारतो. चांगलं आहे, पण मावशींना त्याचा काय उपयोग?

मावशींना घरासारखं वाटावं म्हणून हिल्केने मला वृद्धाश्रमातल्या त्यांच्या खोलीत लावलंय. इथली मुलगी सकाळी येऊन मला सारते, संध्याकाळी ओढते. परवा मावशी तिला म्हणाल्या, "राहू दे गं. मी उठले की नाही, हे बाहेरून बघणारं इथे कोण आहे?" आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला रडू आलं. पण पडद्याचं रडणं कोणाला दिसणार?

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत कोणी एकटं राहत असेल. त्याच्या खिडकीवर विसंबू नका. दार वाजवा, आतून आवाज येईपर्यंत थांबा. आणि उठायला उशीर झाला, एवढ्यासाठी त्याला घर सुटण्याची भीती घालू नका.