केसाएवढी तार

मला भीती वाटली की मी चिडतो. घरचे त्याला राग म्हणतात आणि मीही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी सारखा चिडलेला होतो. माझी बायको शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती, खुलताबादच्या पुढे, वस्तीवर. बाळ आडवं आहे, कळा सुरू झाल्या की लगेच शहरात आणा, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दडी मारलेली, वस्तीवर टँकरशिवाय वाहन फिरकत नव्हतं. शालूला आणायचं ते माझ्याच जुन्या पेट्रोल गाडीतून, घाट उतरून. आणि ही गाडी महिन्याभरात दोनदा घाटातच बंद पडली होती. वळणावर क्लच दाबला की इंजिन गप्प. इंजिन गेलं की ब्रेकही दगडासारखा घट्ट होतो. दुसऱ्या खेपेला मी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबलो, आणि नंतर कितीतरी वेळ स्टेअरिंगवरचे हात सुटेनात.

शहरात, मुकुंदवाडीत फारूखभाईचं गॅरेज आहे. त्याने स्कॅनर जोडून आकडे पाहिले.

"इंजिन हवा पूरी घेतंय, पन ती मोजणारा सेन्सर कमी सांगतोय. मग पेट्रोल पन कमी मिळतं. स्लोला आली की मरते."

खात्रीसाठी त्याने हवेच्या नळीवरच्या त्या सेन्सरचं सॉकेट काढलं आणि गाडी चालू केली. पिवळा दिवा लागला, पण धापा टाकणारं इंजिन शांत झालं.

"बघा. खोटं सांगणारा गप्प बसला. आता गाडी अंदाजानं चालते, पन चालते."

सेन्सर बाहेर काढला तर आत केसाएवढी तार, तिच्यावर काळपट थर. हवेचा फिल्टरही चिकट होता.

"हे तेल आहे, अजिनाथभाई. फिल्टरला तेल लावता का?"

"मी काय ट्रॅक्टर चालवतो का?" मी खेकसलो. "तुमच्याच गॅरेजात सांडलं असेल."

तारेला बोट न लावता फारूखभाईने सफाईचा स्प्रे मारला, वाळू दिलं, नवा फिल्टर टाकला. "परत त्रास दिला तर सॉकेट काढायचं अन् चालायला लागायचं. दिव्याला घाबरू नका."

रविवारी मी वस्तीवर मुक्कामाला गेलो. गाडी लोण्यासारखी चालली. माझे सासरे खंडेराव, मी त्यांना मामा म्हणतो, आधी मेंढरं राखायचे, आता दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात. जावयाने पाण्याचा तांब्याही उचलायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता. गाडीसुद्धा दर खेपेला तेच पुसून ठेवायचे.

सोमवारी सकाळी शालूला कळा सुरू झाल्या. सासूबाई दगडाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसल्या, मामा पुढे. दोन वळणं नीट गेली. तिसऱ्याला क्लच दाबला आणि इंजिनने आचका दिला. एक्सिलेटर दाबत, हँडब्रेक ओढत मी कसाबसा घाटरस्त्यावरच्या किल्ल्याच्या जुन्या दरवाज्यापर्यंत आलो. तिथून एका वेळी एकच वाहन जातं. बरोबर त्या तोंडात गाडी मेली. समोरून पाण्याचा टँकर चढत होता, हॉर्न कमानीत घुमत होता.

शालू ओरडत नव्हती, पदर दातात धरून होती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"लई वेळ नाय आता," दगडाबाई म्हणाल्या.

बॉनेटची कडी दोनदा चाचपल्यावर सापडली. सॉकेट काढलं. गाडी चालू झाली, खोकली, बंद पडली. तेव्हा मला फारूखचा प्रश्न आठवला. फिल्टरची पेटी उघडली. नवा कोरा फिल्टर तेलाने निथळत होता, हवा आत जायला जागाच नव्हती.

मामा शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडे वळलो आणि ते दोन पावलं मागे सरले.

मी फिल्टर फेकला, पेटी तशीच मिटली, किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला आणि इंजिन चालू राहिलं. टँकरवाल्याने गाडी मागे घेतली. त्यानंतरच्या एकेका वळणावर मी क्लच दाबताना श्वास रोखून धरत होतो.

दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, शालू सुखरूप होती. मामा दवाखान्याच्या बाकावर अंग चोरून बसले होते.

"ट्रॅक्टरला तेलातून गाळून हवा देत्यात," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "टँकरनं लई धूळ उडती. म्हनलं, पोरगी बसनार हिच्यात. म्हनून दर खेपंला लावायचो."

"मला सांगायचं ना."

"तुमाला कसं सांगावं, जावईबापू? तुमची भीती वाटती."

मला वाईट वाटलं. महिनाभर मी घाटाला भीत होतो आणि हा माणूस मला भीत होता.

दुसऱ्या दिवशी मी मामांना घेऊनच गॅरेजात गेलो. फारूखभाईने पेटी उघडून हुंगली. "आता तरी सांगा, तेल कोणी घातलं?"

"मी," मी म्हणालो. "त्या दिवशी उगीच तुमच्यावर डाफरलो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मामांच्या काळ्या नखांकडे, आणि नवा फिल्टर काढला. तो बसवून होईपर्यंत मामा वाकून बघत होते. मग माझ्या बाहीला हळूच हात लावून त्यांनी विचारलं, "पन जावईबापू, धुळीचं काय करायचं मग?"