पंधरावा दिवस

डिसेंबरच्या एक तारखेला सिरिलने वेनफर्डच्या पुलापलीकडच्या धक्क्याला बोट बांधली, तेव्हा शेजारच्या बोटीवरच्या पॉलीनने सवयीने विचारलं, "मुक्काम किती?"

"फेब्रुवारी संपेपर्यंत. हिवाळ्याचा परवाना काढलाय."

"तू? तीन महिने एका जागी? तब्येत बरी आहे ना रे?"

पॉलीनचं तरी काय चुकलं? ज्या बोटीला स्वतःची कायमची जागा नाही, तिने चौदा दिवसांत धक्का सोडायचा, असा कालव्याचा नियम. हिवाळ्यात जादा पैसे भरले तर तेवढी सवलत मिळते. बाकीचे लोक या नियमाच्या नावाने बोटं मोडतात. सिरिलला मात्र तो मनापासून मानवला होता. कुठे मन गुंतायला लागलं, कुणी "थांब ना" म्हणालं, की हा गडी खांदे उडवून सांगणार, "काय करू, नियमच आहे." एकतीस वर्षं त्याने असंच निभावून नेलं होतं.

"थांब ना" हे सर्वांत आधी म्हणाली होती ग्लेनिस. ती तेव्हा पुलाजवळच्या बेकरीत कामाला होती. सिरिल दर हिवाळ्यात यायचा, तिच्या स्वयंपाकघरात पाय पसरून चहा प्यायचा, तिला हसवायचा आणि चौदाव्या दिवशी सकाळी दोर सोडायचा. तिने चार हिवाळे वाट पाहिली. पाचव्या हिवाळ्यात सिरिल आला, तेव्हा ती एका बसड्रायव्हरशी लग्न करून मोकळी झाली होती. शहाणी बाई! पुढे संसार झाला, मुलगी परदेशी गेली, आणि चार वर्षांपूर्वी नवराही गेला. सिरिल दरवर्षी येतच राहिला. रस्त्यात भेट व्हायची, हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या. बोट पुढे निघाली की मैलभर तो मागे वळून पुलाकडे पाहत राहायचा. का, हे त्याला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

सत्तरी आली तेव्हा ते सोसवेना. म्हणून हा परवाना.

दुसऱ्याच दिवशी त्याने तिचं दार वाजवलं. ग्लेनिस उंबऱ्यातच उभी राहिली.

"यंदा वसंतापर्यंत आहे मी," तो म्हणाला. "बोटीवर चहाला ये."

"वसंतापर्यंत," ती म्हणाली. तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "बघते. येईन."

त्या दिवसापासून सिरिलने बोट अशी चकाचक ठेवली की पॉलीन म्हणाली, राणी येणार असेल तर मलाही सांग, मी केस विंचरीन. रोज दुपारी तो शेगडीत कोळसा सारखा करायचा, दोन कप काढायचा आणि खिडकीशी बसायचा. काठच्या वाटेवरून कुत्री जायची, सायकली जायच्या, शाळेची पोरं जायची. चारला अंधार पडला की तो एक कप परत ठेवायचा. रस्त्यात भेटून हसण्यावर पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला आता एकेक दुपार जड जाऊ लागली.

चौदाव्या दिवशी सकाळी तो उठला आणि त्याला पाण्याची काळजी लागली. उद्या ती आली आणि टाकी रिकामी निघाली तर? पाण्याचा नळ मैलभर पुढे, आणि साठ फुटांची बोट वळवायची तर त्याहून मैलभर पुढे, जिथे कालवा रुंद केलाय तिथे जावं लागतं. म्हणजे सगळा दिवस त्यातच. त्याने दोर सोडले, सुकाणू धरलं. बोट पुढे सरकली तसं त्याला फार मोकळं वाटलं. सकाळ छान आहे म्हणून, असं तो धरून चालला.

टाकी भरायला एरवी तास लागायचा. त्या दिवशी अर्ध्या तासात ती वाहू लागली. सिरिलने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. वाटेत रेंगाळत रुंद जागेशी पोचून बोट वळवेपर्यंत अंधारलं, म्हणून तिथेच काठाला बांधली. सकाळी पाहतो तर कालवा या टोकापासून त्या टोकापर्यंत गोठलेला. वल्ह्याने ठोकून पाहिलं. बर्फ जाड होता.

दुपारी पॉलीन कुत्र्याला फिरवत तिथवर आली.

"इथे आहेस होय म्हाताऱ्या! मला वाटलं, गेला एकदाचा."

"पाणी भरायला आलो होतो. अडकलो."

"बाई आली होती सकाळी. हातात झाकलेलं ताट. तुझ्या रिकाम्या जागेपाशी उभी राहिली. मी म्हटलं, काल गेलाय. तर हसली. म्हणाली, चौदा झाले ना. आणि ताट मला देऊन गेली. केक होता, सांगून ठेवते, संपला."

सिरिल बोटीच्या कठड्यावर बसला. त्याने बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले. मग त्याला ती अर्ध्या तासात भरलेली टाकी आठवली. पाणी आणखी आठवडाभर पुरलं असतं. 

तो उठला आणि चालायला लागला. शेगडीत कोळसा घालायचंही त्याला सुचलं नाही. दोन मैल बर्फाळ वाट. दोनदा घसरला, एकदा गुडघा फुटला. ग्लेनिसचं दार वाजवलं तेव्हा उजेड सरत आला होता.

"तू?" ती त्याच्यामागे पाहत म्हणाली. "बोट कुठे आहे?"

"दोन मैलांवर. बर्फात."

"मी मुद्दाम चौदा दिवस जाऊ दिले, सिरिल. म्हटलं, पंधराव्या दिवशी दिसला तर खरं. म्हातारपणी अशी परीक्षा घेणारी मीही वेडीच." ती दारातून हलली नाही. "पाणीबिणी संपलं होतं का?"

हो म्हणणं सोपं होतं. तिने विश्वास ठेवला असता, निदान ठेवल्यासारखं केलं असतं.

"नाही," सिरिल म्हणाला. "अर्धी टाकी शिल्लक होती. मी का निघालो मला कळलं नाही, ग्लेनिस. कळलं तेव्हा चालत आलो."

तिने दार पूर्ण उघडलं. मग बाजूला झाली. तो आत आला, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला. तिने गुडघा पुसायला ओलं फडकं दिलं.

"शेगडी पेटती आहे ना बोटीवर?"

"आता विझली असेल."

"अरे, मग नळ गोठून फुटतील. जा आधी. एवढ्या वर्षांत मला तेवढं कळलंय."

सिरिलने खिडकीकडे पाहिलं. तिथून कालवा दिसत नव्हता. बोट मात्र त्याला अगदी स्पष्ट दिसली, एकटी, आतून गार होत चाललेली; आणि त्याचे पाय खरंच उठायला निघाले. त्याने ते खुर्चीखाली ओढून घेतले.

"फुटू देत," तो म्हणाला, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. गाठी सुटेनात.

ग्लेनिसने त्या गाठींकडे पाहिलं. मग ती दाराकडे गेली आणि तिने आतून कडी लावली.