वहीत नसलेला भात

पुतळाबाईंच्या वहीत सलग बेचाळीस दिवस एकदाही भात नव्हता, आणि कल्पिताला तेच खटकलं. मालाडपुढच्या कोळीवाड्यातली बाई, जन्म मासळी विकण्यात गेलेला. ती भाताशिवाय बेचाळीस दिवस राहिली?

कल्पिता अंधेरीच्या एका कॅन्सर रुग्णालयात संशोधन करत होती. केमो चालू असताना भात, भाकरी, साखर बंद केली तर औषध जास्त लागू पडतं का, एवढाच प्रश्न. तीस रुग्णांना तसा आहार दिला होता. रोज खाल्लेलं त्यांनी वहीत लिहायचं. शिवाय आठवड्यातून एकदा लघवीत कागदी पट्टी बुडवायची; भात-साखर खरंच सुटली असेल तर ती जांभळी होते.

पुतळाबाईंची पट्टी एकदाही जांभळी झाली नव्हती. शोधल्यावर अशा अकरा वह्या निघाल्या. सगळ्यांत रोज दोन अंडी, सहा बदाम. एवढ्या सरळ रेषेत माणसं जगत नाहीत.

"दमट हवेने पट्ट्या खराब होतात," विभागप्रमुख सहदेव सर म्हणाले. त्यांना दोन महिन्यांनी परिषदेत निकाल मांडायचे होते.

त्याच डब्यातल्या बाकीच्या पट्ट्या कशा जांभळ्या झाल्या, हे कल्पिताने विचारलं नाही. तिचा संशय प्रकल्पातल्या सहकाऱ्यावर, सुयोगवर गेला. वह्या गोळा करायला घरोघर तोच जायचा.

"सुयोग, वह्या पेशंटच लिहितात ना?"

"मग काय मी लिहितो? माझ्यावर डाउट आहे का तुझा?"

"नाही रे, सहज विचारलं."

त्याच संध्याकाळी तिने ऑफिसातून गुपचूप त्याच्या घरभेटींची हजेरी तपासली. त्यात काही सापडलं नाही, तरी मनातली अढी गेली नाही. शुक्रवारी दुपारी, न कळवता, ती पुतळाबाईंच्या घरी गेली.

दार सून हेमांगीने उघडलं. कल्पिताला पाहताच तिने वळून पातेल्यावर झाकण सरकवलं. पण घरभर शिजल्या तांदळाचा वास होता. डोक्याला रुमाल बांधून पुतळाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी हातातली पेजेची ताटली पाठीमागे सरकवली. भर बाजारात गिऱ्हाइकाला दटावणारी बाई ताटली लपवतेय, हे पाहून कल्पिताला कसंतरीच झालं.

"मी रागवायला नाही आले. वही कोण लिहितं?"

"मी," हेमांगी म्हणाली. "तुमच्या पथ्याच्या कागदावर बघून."

"सुयोगने सांगितलं तसं लिहायला?"

"नाय. त्यांना म्हायती पण नाय. तुमीच बोलल्या होत्या ना मॅडम, पथ्य मोडलं तर नाव काढावं लागेल. नाव काढलं तर आईंना सलाईन कोण देणार?"

कल्पिता तसं बोलली होती. अभ्यासातून नाव काढू, असं तिला म्हणायचं होतं. उपचार चालूच राहतात, हे संमतीच्या फॉर्मवर होतं. पण रांग मोठी होती आणि तिने ते भराभर वाचून दाखवलं होतं.

"सलाईन झाली का तोंडाला लोखंड लागतं, बाय," पुतळाबाई म्हणाल्या. "बदाम वर येतो. पेज तेवढी पोटात राहते. तुझ्या वहीपायी उपाशी मरू?"

"तुमची सलाईन बंद होणार नाही. काहीही खाल्लं तरी नाही."

पुतळाबाईंनी तिला नीट न्याहाळलं. "लिहून दे."

कल्पिताने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून सही केली. हेमांगीने ते दोनदा वाचून दाखवलं. मग पुतळाबाईंनी ताटली पुढे घेतली, पण कल्पिता उठेपर्यंत घास काही घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात कल्पिता उरलेल्या दहा घरी गेली. नऊ ठिकाणी तीच भीती निघाली. स्वतःची चूक तिने नैतिकता समितीला लेखी कळवली. सर संतापले. निकाल परिषदेतून मागे घ्यावे लागले, आणि त्या आहाराने फायदा होतो की नाही, हे आज कोणीच ठामपणे सांगू शकत नाही. पुतळाबाईंचा केमो पुरा झाला. आठवड्यातून दोन सकाळी त्या बाजारात बसतात.

हजेरी तपासल्याचं कल्पिताने सुयोगला स्वतःहून सांगितलं.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "ऑफिसात त्याच दिवशी कळलं होतं. तू कधी बोलतेस ते बघत होतो."

महिन्याभरात तो दुसऱ्या प्रकल्पावर गेला. जाताना सगळ्यांना भेटला. तिच्या टेबलापाशी मात्र थांबला नाही.